साब्योनेता : पो नदीच्या गाळावर उभं राहिलेलं एका माणसाचं गाव

गाळपेर

पो नदीच्या मैदानात दगड मिळत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून साब्योनेता पाहिलं तर ते गाव कळायला लागतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठीच हा धागा काढते आहे. या गावाबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात 'आदर्श नगर' आणि 'प्रबोधनकाळाचं स्वप्न' हे शब्द हमखास येतात. कागदावर कुणी तरी सुंदर षटकोन काढला आणि तो जमिनीवर उतरला, असं वाटायला लागतं. जमिनीची बाजू मात्र कुणी मांडत नाही, ती मला मांडायची आहे.

आधी ठिकाण. उत्तर इटलीतल्या लोंबार्दियामधला मांतोव्हा जिल्हा. गावाच्या दक्षिणेला पो, उत्तरेला ओल्यो. ओल्यो पुढे पूर्वेकडे जाऊन पोलाच मिळते, म्हणजे हा दोन नद्यांमधला निमुळता होत जाणारा दुआब. समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि गावाची उंची मात्र वीस मीटरच्या आत. इतक्या कमी उताराच्या जमिनीवर पाणी आपणहून कुठे जात नाही. पावसाचं पाणी साचतं, नद्या गाळ टाकत पात्र उंचावतात आणि माणसं शतकानुशतकं बांध घालत बसतात. इथे नदीचा बांध हीच सर्वांत उंच गोष्ट. त्यावर सायकल चालवताना एका बाजूला पोपलरच्या सरळ रांगा आणि नदीपात्रालगतची पुराची जमीन दिसते, दुसऱ्या बाजूला मका, लसूणघास, खरबुजं, लाल भोपळे. हिवाळ्यात धुकं असं बसतं की समोरचं झाड दिसत नाही.

या सपाटीवर वेस्पासियानो गोंझागाने सुमारे १५५६ पासून आपली राजधानी बांधायला घेतली आणि १५९१ मध्ये मरेपर्यंत तो बांधतच राहिला. मांतोव्हावर राज्य करणारं गोंझागा घराणं मोठं. हा त्याच्या एका धाकट्या पातीचा वारस. जन्म १५३१ चा. वडील तो तान्हा असतानाच लढाईत गेले. आत्या जूलिया गोंझागाने त्याला वाढवलं, आणि कोवळ्या वयातच तो स्पेनच्या दरबारात गेला. पुढे दुसऱ्या फिलिपच्या चाकरीत त्याने नाव काढलं. नाव्हारा आणि व्हालेन्सिया या प्रांतांचा तो व्हाइसरॉय होता, आणि नाव्हारातल्या पाम्प्लोना शहराचा पंचकोनी बालेकिल्ला १५७१ पासून उभा राहिला त्या कामात त्याचा हात होता. थोडक्यात, तटबंदी हा त्याचा छंद नव्हता, पेशा होता.

एवढासा मुलूख, पण पदव्या मात्र चढत गेल्या. १५६५ मध्ये मार्क्विस, १५७४ मध्ये प्रिन्स आणि १५७७ मध्ये पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने त्याला ड्यूक केलं. प्रत्येक पायरीला गावात नवं बांधकाम दिसतं. रुडॉल्फच्या सन्मानार्थ पूर्वेची वेस, पोर्ता इम्पेरियाले, १५७९ मध्ये झाली. तिचं दर्शनी तोंड पांढऱ्या संगमरवराचं आहे. तो अर्थातच बाहेरून आणलेला. पश्चिमेची पोर्ता व्हित्तोरिया तिच्याआधीची आणि साधी.

आता मुद्द्यावर येते. दगड नाही म्हणून वीट, आणि चिकणमाती तर पायाखालीच. खंदक खणायचा, निघालेली माती तटाच्या पोटात भरायची आणि बाहेरून विटांची कातडी चढवायची. खंदक आणि तट ही एकाच खोदकामाची दोन टोकं. सहा बुरुजांचा हा तारा आजही जवळजवळ पूर्ण उभा आहे. आतला रस्ता एका वेशीतून दुसऱ्या वेशीकडे सरळ जात नाही. दोन्ही टोकांना तो मुद्दाम वळवला आहे, म्हणजे वेस फुटली तरी शत्रूची नजर आणि तोफ गावभर पोचत नाही. मैदानात लपायला टेकडी नाही, तर तो आडोसा गल्लीच्या वळणात निर्माण केला.

पुढचं प्रतिसादांमध्ये लिहीन. प्रश्न अवश्य विचारा.

---

भुईकोट

अप्रतिम विषय. गडकोटांवर वर्षानुवर्षं वाचतो आहे, पण हे गाव माहीत नव्हतं. एक गोष्ट जोडतो. आपल्याकडे डोंगरी किल्ल्याला कडा हाच तट असतो. माणसाने फक्त उरलेल्या फटी बुजवायच्या. मैदानात हे सुख नाही. तोफा सुधारल्यावर उंच, पातळ, सरळ भिंती गोळ्यांनी कोसळायला लागल्या. त्यावर इटालियन स्थपतींनी उत्तर काढलं : भिंत बुटकी आणि जाड करा, आत माती भरा म्हणजे गोळा रुतून बसेल, आणि गोल बुरुजाऐवजी बाणाच्या टोकासारखा कोनाचा बुरूज काढा. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक जागा अशी राहते जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोचत नाही. सुरुंग लावणारे तिथेच बसायचे. कोनाच्या बुरुजाला ती आंधळी जागा राहत नाही. प्रत्येक बुरूज शेजाऱ्याची कड राखतो.

म्हणून साब्योनेताचा षटकोन सौंदर्यासाठी की संरक्षणासाठी, हा वादच मला निरर्थक वाटतो. भूमिती एकच आहे.

---

वसईचा वारा

भुईकोट, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आमच्या वसईच्या किल्ल्याचे कोनदार बुरूज याच शाळेतले आहेत! जोव्हान्नी बात्तिस्ता कायराती नावाचा मिलानचा अभियंता १५८३ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य अभियंता म्हणून इकडे आला. पूर्व आफ्रिकेतल्या मोम्बासाचा फोर्ट जीझस हा किल्ला १५९३ मध्ये सुरू झाला तो त्याच्या आराखड्यावर. वसई आणि दमणच्या तटबंदीच्या कामांशीही त्याचं नाव जोडलं जातं. १५९६ मध्ये तो गोव्यातच वारला. आणि १५८० पासून पोर्तुगालची गादीही दुसऱ्या फिलिपकडे होती. म्हणजे वेस्पासियानोचा धनी आणि त्या काळातल्या गोवा-वसई-चौलचा धनी एकच. लोंबार्दियाच्या मातीत शिकलेली विद्या एकाच राजाच्या छत्राखाली वसईच्या खाडीपर्यंत आली, हे मला फार मोठं वाटतं.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली ती सुरुंग लावून, सान सेबास्तियन बुरूज उडवून. म्हणजे ज्या धोक्यासाठी हे कोन काढले, शेवटी त्याच वाटेने किल्ला पडला. चिकाटी लागते त्याला.

---

गाळपेर

वसईचा वारा, फार मोलाची भर घातलीत. हा दुवा मूळ लेखातच हवा होता असं वाटलं. कायराती आणि वेस्पासियानो एकाच पिढीचे, हे विशेष.

फरक एवढाच की वसईच्या बुरुजांनी खरा वेढा सोसला. साब्योनेताचा तट कुठल्याही मोठ्या वेढ्यात पणाला लागून पडला नाही. मालक मेल्यावर गावाचं महत्त्वच संपलं.

---

अबोली

वाचते आहे, आवडतं आहे. पण एक प्रश्न. एवढ्या लहान जागी राहायला लोक कुठून आले? राजवाडा, नाट्यगृह बांधता येतं, वस्ती कशी बांधणार?

---

गाळपेर

अबोली, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर फारसं गोड नाही. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी तटाच्या आत येऊन राहावं असे हुकूम निघाले. शेत बाहेर, घर आत. रोज वेशीतून ये-जा. नगररचनेची पुस्तकं सरळ रस्त्यांचं कौतुक करतात, पण त्या सरळ रस्त्यांवर माणसं हुकमाने आली होती, हे मला विसरता येत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. त्याने टांकसाळ काढली आणि लॅटिन-ग्रीक शिकवणारी शाळा काढली. शाळेवर मारिओ नित्सोलिओसारखा त्या काळचा नामवंत विद्वान नेमला. आणि ज्यूंना त्याने जागा दिली. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने या गावाचं सर्वांत टिकाऊ काम विटेत झालं नाही, कागदावर झालं.

१५५३ मध्ये पोपच्या आदेशाने रोममध्ये तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या, व्हेनिसमध्येही जाळल्या गेल्या. व्हेनिस म्हणजे तोवर हिब्रू छपाईची राजधानी. तिथली हिब्रू छपाई सुमारे दहा वर्षं बंद पडली. त्या वर्षांत साब्योनेतात तोबिया फोआ याचा छापखाना चालू होता. १५५१ ते १५५९ एवढाच त्याचा काळ. व्हेनिसमध्ये नाव कमावलेला मुद्रक कॉर्नेलियो आडेलकिंड इथे कामाला आला. इथली अक्षरं इतकी रेखीव की साब्योनेताची छपाई ही हिब्रू ग्रंथांच्या जगात आजही दर्जाची खूण मानली जाते. मोठ्या शहरात जे शक्य नव्हतं ते या धुक्यातल्या कोपऱ्यात झालं, कारण इथला सत्ताधीश छोट्या मुलखाचा होता आणि त्याला आपलं गाव भरायचं होतं. इथे ज्यूंना कोंडून ठेवणारा घेट्टो कधीच झाला नाही. मांतोव्हात तो १६१२ मध्ये झाला. साब्योनेताचं आज दिसणारं सिनेगॉग १८२४ चं, कार्लो व्हिझिओली या वास्तुविशारदाचं. बाहेरून साधं घर वाटतं, जिने चढून वर गेल्यावर प्रार्थनेचं दालन.

---

टाकीचे घाव

नाट्यगृहावर लिहा ना. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात त्याचा एक फोटो होता आणि दोन ओळी. व्हिचेन्सातलं वास्तुविशारद पाल्लादिओचं ऑलिम्पिको नाट्यगृह सगळ्यांना माहीत असतं, हे मात्र राहून जातं.

---

गाळपेर

आनंदाने. व्हिचेन्साचं नाट्यगृह आधीपासून असलेल्या इमारतीच्या आत बसवलेलं आहे. साब्योनेताचं तेआत्रो आल्लान्तिका मात्र नाटकासाठीच पायापासून बांधलेली स्वतंत्र इमारत आहे. रोमन काळ संपल्यानंतर युरोपात अशी वास्तू जवळजवळ नव्हती. व्हिन्चेन्सो स्कामोत्सीने ते १५८८ ते १५९० मध्ये केलं. पाल्लादिओच्या मृत्यूनंतर व्हिचेन्साचं काम पुरं करणारा तो हाच. नटांना स्वतंत्र प्रवेशद्वार आणि तयारीच्या खोल्या आहेत, हे मला सर्वांत आवडतं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे खांबांची अर्धगोल ओळ आणि तिच्या माथ्यावर ऑलिम्पियन देवांचे पुतळे. ते संगमरवरी दिसतात, पण आहेत गिलाव्याचे. भिंतींवर रोमन सम्राट रंगवलेले. पुन्हा तेच : दगड नाही, तर दगडाचा भास चुना आणि रंगांतून उभा करायचा. इमारतीच्या बाहेर लॅटिनमध्ये कोरलं आहे की रोम केवढं थोर होतं ते त्याचे भग्नावशेषच सांगतात.

आणि ही सगळी तयारी झाल्यावर अवघ्या एका वर्षात मालक गेला. पुढे त्या इमारतीचं गोदाम झालं, शिबंदीचा मुक्काम झाला, विसाव्या शतकात तिथे सिनेमाही दाखवत. स्कामोत्सीचा मूळ रंगमंच-देखावा नष्ट झाला. आज दिसतो तो अलीकडे पुन्हा उभारलेला. भिंतींवरची चित्रं चुन्याच्या थरांखाली झाकलेली होती, ती गेल्या शतकातल्या डागडुजीत उघडी झाली.

जाणाऱ्यांनी गाल्लेरिया देल्यी आंतीकी चुकवू नये. ९७ मीटर लांब दालन, खाली उघड्या विटांच्या कमानी. विटेने इथे स्वतःचं रूप लपवलेलं नाही, आणि माझ्या मते इथेच ती सर्वांत सुंदर दिसते. वर वेस्पासियानोचा प्राचीन शिल्पांचा संग्रह होता. तो अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाच्या काळात मांतोव्हाला नेला. लगतच्या पालात्सो ज्यार्दीनोत बेर्नार्दिनो काम्पीची भित्तिचित्रं आहेत.

---

रानमेवा

वेस्पासियानोने स्वतःच्या मुलाला मारलं असं कुठे तरी वाचलं होतं. खरं का?

---

गाळपेर

ती दंतकथा आहे. रस्त्यात मुलाने नमस्कार केला नाही म्हणून बापाने लाथ मारली आणि त्यात तो गेला, अशी ती सांगतात. पक्कं एवढंच की एकुलता एक मुलगा लुईजी १५८० मध्ये ऐन पोरवयात वारला आणि त्याच्यानंतर पुरुष वारस झाला नाही. मुलगी इझाबेल्ला नेपल्सकडच्या काराफा घराण्यात दिलेली. वेस्पासियानो गेल्यावर हक्काचे तंटे, स्पॅनिश शिबंदी, मग ऑस्ट्रियन अंमल, अशी गावाची हेळसांड झाली. त्याचा मूळ गढीवजा किल्ला अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडला.

त्याची कबर इन्कोरोनाता नावाच्या अष्टकोनी चर्चमध्ये आहे, वर लेओने लेओनीने घडवलेला कांस्य पुतळा. १९८८ मध्ये कबर उघडली तेव्हा 'सोनेरी लोकर' या स्पॅनिश मानाच्या संघाचं पदक सापडलं. फिलिपने १५८५ मध्ये दिलेला तो मान. ते पदक आता गावातल्या धार्मिक कलेच्या संग्रहालयात पाहता येतं.

---

पेरणी

शेतीबद्दल आणि पाण्याबद्दल अजून लिहा. मी स्वतः खारपाणपट्ट्यातला शेतकरी आहे. सपाट जमिनीतून पाणी बाहेर काढणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. तिकडे कसं करतात? आणि तो भाग म्हणजे पार्मेजान चीजचाच ना?

---

गाळपेर

पेरणी, तुमच्यासाठी खास. पो आणि ओल्योच्या मधल्या या पट्ट्याचं पाणी नाव्हारोलो नावाच्या कालव्यातून गोळा होतं. शेतचरी, मग छोटे कालवे, मग हा मुख्य. तो पूर्वेला, दुआबाच्या टोकाकडे जातो. ओल्योची पातळी खाली असली की दारं उघडून पाणी आपोआप सोडता येतं. नदी चढली की दारं बंद करावी लागतात, नाही तर नदीच आत येते. मग पाणी पंपांनी उचलून बांधापलीकडे टाकायचं. त्यासाठी सान मात्तेओ देल्ले क्याविके या गावी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठं पंपगृह झालं. हेच कालवे उन्हाळ्यात उलट्या कामाला लागतात, म्हणजे सिंचनाला. निचरा आणि सिंचन एकाच जाळ्यातून. हे सांभाळायला शेतकऱ्यांनी आणि जमीनमालकांनी वर्गणी भरायच्या संस्था आहेत, त्यांना 'कोन्सोर्त्सिओ दी बोनीफिका' म्हणतात. राजे बदलले, अंमल बदलले, पण पाण्याचा कारभार थांबवून इथे चालत नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये खालच्या अंगाला पोलेझिनेत पो फुटली तेव्हा शंभरच्या आसपास माणसं गेली आणि दीड लाखाहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं.

चीजचं उत्तर मजेशीर आहे. पार्मिज्यानो रेज्यानोच्या, म्हणजे तुमच्या पार्मेजानच्या, कायदेशीर पट्ट्यात मांतोव्हा जिल्ह्याचा फक्त पोच्या उजव्या तीराचा भाग येतो. साब्योनेता डाव्या तीरावर. म्हणून इथलं दूध ग्राना पादानो या दुसऱ्या चीजला जातं. नदी ओलांडली की चीजचं नाव, नियम आणि भाव बदलतो.

---

पार्माहून

मी पार्मात नोकरी करतो. वरच्या प्रतिसादाला धरून एक सांगतो. या पट्ट्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबी माणूस खूप आहे. गाईंचं दूध काढणं, रात्री-पहाटेची पाळी, सुट्टी नसलेलं काम स्थानिक तरुण सोडत गेले तसे हे लोक आले. पलीकडच्या नोव्हेल्लारात २००० मध्ये मोठा गुरुद्वारा उघडला, क्रेमोना जिल्ह्यातल्या पेस्सीना क्रेमोनेझेत २०११ मध्ये. मराठी माणूस इकडे गोठ्यात क्वचितच, आम्ही कंपन्यांत आणि विद्यापीठांत. पण रविवारी लंगरला गेलं की सगळे एक. या चीजचं कौतुक करताना त्यामागचे हात लक्षात ठेवावेत, एवढंच.

---

अबोली

हुकमाने आणलेल्या वस्तीचं वाचलं आणि मग हे. ज्या मातीवर चारशे वर्षांपूर्वी माणसं सक्तीने बसवली, तिथेच आज स्थानिक पोरं शेत सोडून जातात आणि लांबून आलेली माणसं ते काम धरतात. गाळपेर, आता गावात लोक किती?

---

गाळपेर

अबोली, संपूर्ण पालिकेत चार हजारांच्या आसपास, आणि त्यातले बरेच तटाबाहेरच्या वाड्यांवर. तटाच्या आत अगदी थोडे. सक्ती उठली तसे लोक पुन्हा शेताजवळ गेले, आणि ते मला स्वाभाविकच वाटतं. २००८ मध्ये मांतोव्हासोबत या गावाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मांतोव्हा म्हणजे जुन्या शहराचा टप्प्याटप्प्याने झालेला कायापालट आणि साब्योनेता म्हणजे एकाच काळात, एकाच आराखड्याने वसवलेलं नवं गाव, म्हणून दोघांची जोडी. पण गाव टिकलं ते यादीमुळे नव्हे. पैसा आणि महत्त्व दोन्ही गेल्यामुळे तट पाडून रुंद रस्ते करायची गरजच कुणाला पडली नाही. मोठ्या शहरांनी एकोणिसाव्या शतकात आपले तट पाडले, इथे ते राहिले.

---

टाकीचे घाव

पुढच्या वर्षी जायचा विचार पक्का. कसं जावं?

---

गाळपेर

गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन कासालमाज्जोरे, पार्मा-ब्रेश्या मार्गावर. तिथून सायकल सर्वांत उत्तम, रस्ता पूर्ण सपाट. मांतोव्हाहून बसही आहे, पण रविवारी फेऱ्या फार कमी, वेळापत्रक आधी पाहून घ्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि डास जीव काढतात. वास्तूंचं तिकीट एकत्र मिळतं, सोमवारी बहुतेक बंद असतं. शरदात गेलात तर लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली नक्की खा. आत आमारेत्ती बिस्किटांचा चुरा आणि फळांचा तिखटगोड मुरांबा असतो. आणि पूर्वेच्या वेशीतून आत शिरा. पश्चिमेकडून आलात तर संगमरवरी तोंड तुमच्या पाठीमागे राहून जाईल.